रागाचं पथ्य

केस गळायला लागले की माणसाला कळतं, आपल्याला मित्र असे कधी नव्हतेच. होते ते सगळे डॉक्टर.

मी हे चिडून लिहितोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. मी चिडल्याशिवाय लिहीत नाही, आणि बोलत तर मुळीच नाही. ज्यांना शांतपणे लिहिलेलं वाचायचं असेल त्यांनी औषधाच्या बाटलीतला कागद वाचावा.

तर, सुरुवात न्हाणीघराच्या जाळीपासून झाली. पाणी तुंबलं म्हणून प्लंबर बोलावला. त्याने जाळी उचकटली, कोपरापर्यंत हात घातला आणि एक काळा, ओला गोळा बाहेर काढला. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा तो धरून तो बायकोला म्हणाला, "वहिनी, फार केस जातायत तुमचे. बघा काहीतरी." बायकोने कमरेपर्यंतची वेणी पुढे ओढून त्याला दाखवली आणि बोट माझ्याकडे केलं. प्लंबरने एकदा गोळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि अंत्ययात्रेला आल्यासारखा चेहरा करून तो गोळा माझ्या हातात दिला. जणू अस्थीच.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. आमच्या घराण्यात पुरुषांना केस नसतात. आजोबा, वडील, दोन्ही काका, आतेभाऊ, सगळे पंचविशीतच चकाकायला लागलेले. मी एकटा पन्नाशी ओलांडूनही डोक्यावर रान घेऊन हिंडत होतो. मला पदवी नाही. छापखान्यात कागद खरेदी करतो, आणि जे काही शिकलो ते तिथली रद्दीत टाकलेली प्रुफं वाचून. पण घरात कार्य निघालं आणि फोटो काढायची वेळ आली की मला मधे उभं करत. दोन्ही बाजूंना काका, मधे मी. आमच्या खानदानाची एवढीच मिळकत होती आणि ती आता जाळीत अडकत होती.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या दारात राहणारे निवृत्त बँकवाले पहिले आले. त्यांच्या डोक्यावर बल्बवरचा वॅटचा आकडा सुद्धा वाचता येईल इतका उजेड पडतो. ते म्हणाले, "टाकीचं पाणी जड आहे हो. त्यानेच माझे गेले."

"मग तुमच्या मिसेसचे कसे नाही गेले? त्या वेगळ्या टाकीवर आंघोळ करतात का?"

"बायकांचं वेगळं असतं," ते म्हणाले आणि टाळूवरून हात फिरवत जिना उतरून गेले. टकलाच्या बाबतीत एक गोष्ट मी नीट पाहून ठेवली आहे: ज्याचे केस गेले त्याच्याकडे सगळ्यात जास्त उपाय असतात. बुडालेल्या माणसाने पोहण्याचे वर्ग काढावेत तसं.

तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, हेल्मेट. छापखान्यातला बाइंडर म्हणाला, उशीचा अभ्रा. मेहुण्याने फोनवरून सांगितलं, फोन. तिसऱ्या मजल्यावर शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाई राहतात, त्या तेवढ्या शहाण्यासारख्या बोलल्या. "रक्त तपासा, लोह बघा, थायरॉइड बघा, मग घाबरा." तपासलं. सगळं ठीक निघालं. आता सगळं ठीक असून केस जातायत म्हटल्यावर माणसाने घाबरायचं तरी कशाला धरून? सलूनवाला गळ्याभोवती कापड बांधता बांधता म्हणाला, "साहेब, तुम्ही काळजी फार करता."

"मी काळजी करत नाही," मी म्हणालो. "मी दुसऱ्यांना करायला लावतो."

मधल्या काळात घरगुती उपाय झाले. मेथ्या वाटून थापल्या. त्या वाळून अशा कडक झाल्या की बायकोने कडेने चमचा घालून डोकं सोडवलं. कांद्याचा रस लावला तो दिवस तर छापखान्यात अजून सांगतात. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावून नवं यंत्र येणार असल्याची आनंदाची बातमी दिली. मी मधोमध उभा. बातमी संपेपर्यंत निम्मा छापखाना डोळे पुसत होता. मालकांना गहिवरून आलं. "तुम्हा सगळ्यांचं जुन्या यंत्रावर इतकं प्रेम आहे हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले आणि नवं यंत्र पुढच्या वर्षावर ढकललं. कामगार मला गाठायला फाटकाशी थांबले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या दाराने घरी गेलो.

शेवटी बायको म्हणाली, "बास झालं हे स्वयंपाकघर डोक्यावर घेणं. वैद्यबाईंकडे चला."

वैद्यबाईंचा दवाखाना एका बेकरीच्या वर आहे. जिन्यात खालून पावाचा वास येतो आणि वरून काढ्याचा. दोन्ही वास जिथे भेटतात त्या पायरीवर माणसाची भूक मरते. बाई लहानखुऱ्या, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागतं. आपण वाकलो की त्या डोकं बघून घेतात. माझं डोकं बघून झाल्यावर त्यांनी मनगट हातात घेतलं.

"झोप?"

"येते."

"पोट?"

"आहे."

"मधे काही आजारी होतात?"

"ताप होता. चांगला आठवडाभर लोळवलं त्याने. पण तो कधीच गेला. मी केसांसाठी आलोय."

"अच्छा. रागावता का हो तुम्ही?"

"कोण म्हणतं?" मी विचारलं. विचारताना हात टेबलावर जरा जोरात पडला असावा, कारण चूर्ण तोलायचा तराजू उडून बायकोच्या मांडीवर आला. बाईंनी तो शांतपणे उचलून सरळ केला. "तुम्ही बाहेर बसा. तेल देतील तुम्हाला. पथ्य मी यांना सांगते."

हा जगाचा एक नियमच आहे. आजार नवऱ्याला होतो आणि पथ्य बायकोला सांगतात. नवरा बाहेर बाकावर बसून भिंतीवरचं पचनसंस्थेचं चित्र बघत बसतो आणि आत त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचा निकाल लागतो. मी ते चित्र पाठ होईपर्यंत बघितलं. मग बायको बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाची शांती होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

जिना उतरता उतरता तिने सांगितलं. माका, आवळा आणि ब्राह्मी घालून उकळलेलं तेल रोज डोक्याला, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. फार तिखट, फार आंबट, फार खारट बंद. जागरण बंद. कडकडीत पाणी डोक्यावरून बंद.

"आणि राग बंद."

"राग? तो कुठल्या भाजीत असतो?"

"थट्टा नको. रागाने पित्त भडकतं, पित्ताने केसांची मुळं भाजतात. तुम्ही एकदा ओरडलात की मूठभर गेले म्हणून समजा. पुन्हा दाखवायला जायचंय तोपर्यंत एक शब्द चढ्या आवाजात काढायचा नाही."

"असं बाई म्हणाल्या?"

"मग काय मी म्हणतेय?" बायको म्हणाली आणि बेकरीत पाव घ्यायला शिरली.

आता माझा राग म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या इमारतीत मला तोफ म्हणतात. माझ्यासमोर नाही, पण म्हणतात. पंपवाला वेळेवर येत नाही, सांग तोफेला. कुणीतरी फाटकासमोर गाडी लावून गेलंय, डाग तोफ. सेक्रेटरी स्वतः साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखे गोड, पत्र मुद्देसूद लिहितात, त्यावर कुणी ढुंकून बघत नाही, मग माझ्या दारात येऊन म्हणतात, "काका, जरा तुम्ही बोला ना." छापखान्यातही तेच. कागदवाला मला ओले गठ्ठे देत नाही, कारण एकदा मी त्याच्या गोदामात जाऊन असा काही बोललो होतो की त्याचा वजनकाटा अजून खरं बोलतो.

आणि हा माणूस आता डोक्याला तेल थापून, खांद्यावर टॉवेल टाकून, हसत दारात उभा राहू लागला. "हरकत नाही" हे दोन शब्द मी जन्मात उच्चारले नव्हते. आता दिवसभर तेच. कागदवाल्याने चाचणी म्हणून एक ओला गठ्ठा पाठवला. हरकत नाही. मग गाडीभर ओला कागद आला. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि मी तेलकट हसत राहिलो. फाटकासमोर कायमचा एक टेम्पो उभा राहिला. पंपवाल्याने तर मला पाहून शीळ घातली. माझ्यावर! शीळ! मी घरी आलो, आरशासमोर उभा राहिलो, आणि पुढचे केस मोजण्याइतके उरलेत हे बघून तोंडातला शब्द गिळला. गिळलेला शब्द कुठे जातो हे भिंतीवरच्या त्या चित्रात दाखवलेलं नव्हतं.

बायको मात्र त्या दिवसांत गाणं गुणगुणत असे.

अशातच लिफ्ट बंद पडली, आणि त्याच आठवड्यात आई पडली.

आई आमच्याजवळच असते. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती स्टुलावर चढली. घरात डबा काढून द्यायला दोन धडधाकट माणसं होती. पण तिला कुणाला सांगायचं म्हणजे कमीपणा वाटतो. हा गुण मला कुठून आला ते वेगळं सांगायला नको. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय, हाड छान बसलंय.

मी तिच्या खाटेशी गेलो तेव्हा माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. "पाय मोडून घ्यायची हौस होती का?" एरवी मी तेच म्हणालो असतो, ती "ओरडू नकोस" म्हणाली असती आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं असतं. आमच्यात माया याच रस्त्याने जाते-येते. पण मी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला चार केस आले, आणि मी गळ्यात मध आणून म्हणालो, "आई, बरं वाटतंय ना गं? काही हवं का तुला? स्टुलाचं काय, हरकत नाही."

आई माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या उघड्या पडलेल्या कपाळाकडे. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

व्यायाम करून घेणारी मुलगी रोज येई. "आजी, उठायचं. वॉकर धरा. एक पाऊल." आई म्हणे, "कशाला आता." मुलीने मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशनमध्ये काही खोट नाही. पण या उभ्याच राहत नाहीत. आत्ता उभ्या राहिल्या नाहीत तर पुढे पलंग सुटणार नाही. तुम्ही समजावा." मी समजावलं. जितकं गोड समजावलं तितकी ती अंथरुणात खोल गेली. एक दिवस सुनेला जवळ बोलावून म्हणाली, "माझी ती राखाडी शाल तू वापर हो." मी म्हणालो, "वा, हिला शोभेल." आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप आली.

आता तिला घरी आणायचं होतं. घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट मेलेली.

लिफ्ट कंपनीला मी फोन केला. आधी एका बाईने गाणं ऐकवलं, मग दुसरीने तक्रार क्रमांक दिला. माणूस आला नाही. मी पुन्हा फोन केला. "सर, तुमची तक्रार बंद झालीये."

"लिफ्ट बंद आहे. तक्रार कशी बंद होईल?"

"सर, मागच्या कॉलच्या शेवटी ग्राहक समाधानी अशी नोंद आहे."

"मी कुठे म्हणालो समाधानी?"

"तुम्ही 'हरकत नाही, धन्यवाद' म्हणालात, सर."

मी डोळे मिटले. पित्त वर चढताना मला दिसत होतं. "बरं, नवी नोंदवा," मी म्हणालो. तिने नोंदवली. आणि फोन ठेवताना तोंडून सवयीने काय निघालं असेल? धन्यवाद. ती पण बंद झाली. अशा माझ्या नावावर इतक्या समाधानी तक्रारी जमा झाल्या की कंपनीने मला, आपल्या सेवेबद्दल चार चांगले शब्द लिहून द्याल का, अशी विनंती पाठवली. सेक्रेटरींनीही पत्र पाठवलं होतं. मुद्देसूद. सात मुद्दे.

आईला सोडायचा दिवस आला. इस्पितळवाले म्हणाले, खाट दुसऱ्याला द्यायची आहे. रुग्णवाहिकेने आम्हाला फाटकाशी सोडलं. (टेम्पो होताच, आईची चाकाची खुर्ची त्याच्या बाजूने तिरकी करून काढावी लागली.) जिन्याजवळ पोहोचतो तर काय, लिफ्टसमोर साक्षात लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक उभा! हातात अवजारांची पिशवी. शेजारी गळ्यात ओळखपत्र लटकवलेला कंपनीचा साहेब. मला इतका आनंद झाला की मी त्याला नमस्कार केला.

"आमची लिफ्ट?"

"नाही. आम्ही मागच्या इमारतीच्या लिफ्टसाठी आलोय," साहेब म्हणाला. "इकडून रस्ता जवळ पडतो."

"पण ही पण तुमचीच लिफ्ट आहे. सामान आहे का?"

मेकॅनिक म्हणाला, "आहे की. दरवाज्याचा सेन्सर गेलेला दिसतोय. दहा मिनिटांचं काम."

"मग करा ना, दादा."

साहेबाने मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवला. "उघडी तक्रार नसताना पॅनेलला हात लावता येत नाही. तुम्ही नवी तक्रार नोंदवा. चोवीस तासांत माणूस येईल."

"माणूस इथे उभा आहे."

"हो, पण तो दुसऱ्या तक्रारीवर उभा आहे."

सेक्रेटरी आले होते. ते म्हणाले, "साहेबांचा मुद्दा नियमाला धरून आहे, काका." बँकवाले आले होते. ते म्हणाले, आईंना खुर्चीसकट उचलून नेऊ, आणि लगेच कंबर धरून पायरीवर बसले. आई खुर्चीत मान खाली घालून बसलेली. म्हणाली, "मला इथेच राहू दे. फार काही दिवसांचा प्रश्न नाही." मला वाटलं, ती लिफ्टबद्दल बोलतेय.

मी हसलो. देवाशपथ, मी हसलो. "हरकत..." मी सुरुवात केली.

बायकोने माझा दंड धरला. "अहो."

"काय?"

"रागवा."

"काय?"

"रागवा म्हणते ना! आता नाही तर कधी?"

"आणि केस? मूठभर..."

"केसांना काही होत नाही." ती मेकॅनिकच्या पिशवीकडे बघून बोलत होती. "वैद्यबाई म्हणाल्या, केस त्या तापाने गेलेत. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस असे जातात, आणि आपले आपण परत येतात. तेल लावा, नीट जेवा, नीट झोपा, एवढंच सांगितलं त्यांनी."

"आणि राग?"

"राग पथ्यात मी घातला. लग्न झाल्यापासून ऐकतेय. म्हटलं, थोडे दिवस तरी कानांना सुट्टी. मला काय माहीत, आई पडतील, लिफ्ट पडेल आणि तुम्ही असे पडेल तोंडाचे होऊन बसाल!"

वाचकहो, त्या क्षणी माझ्या पोटात इतके दिवस गिळलेले सगळे शब्द एकदम उभे राहिले. ओले गठ्ठे, शीळ, टेम्पो, समाधानी ग्राहक, सगळे. मी बायकोकडे वळलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चिडका आहे, मूर्ख नाही. वळता वळता मी आणखी थोडा वळलो आणि थेट साहेबासमोर जाऊन थांबलो.

"मी समाधानी नाही!" मी म्हणालो. म्हणालो कसला, जिन्यावरचा पत्रा खणाणला. "लिहा! मी समाधानी नाही! मी जन्मल्यापासून समाधानी नाही! ही माझी उघडी तक्रार! इतकी उघडी तक्रार तुमच्या कंपनीने बघितली नसेल! बंद करून दाखवा!"

"सर, प्रक्रिया..."

"प्रक्रिया मागच्या इमारतीत ठेवून आलात का? इकडून जवळ पडते म्हणून? सामान इथे, माणूस इथे, मेलेली लिफ्ट इथे, माझी आई इथे! आणखी काय पाठवून देऊ तुम्हाला, वरात? आणि सेक्रेटरी, तुम्ही! सात मुद्दे लिहिलेत ना? आठवा मी सांगतो. फाटकासमोरचा टेम्पो! कुणाचा आहे तो?"

"माझ्या साडूचा," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

वरच्या मजल्यांवर धडाधड दारं उघडली. कठड्यावरून डोकी लोंबली. बँकवाले पायरीवरून उठून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "आला हो, आवाज आला! आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात." पंपवाला फाटकातून आत येत होता, तो तसाच पाठमोरा वळून पंपाकडे पळाला. आणि मेकॅनिक? तो केव्हाच पॅनेल उघडून आत शिरला होता. जाताना साहेबाला म्हणाला, "मला बाकी काही कळत नाही, पण ही तक्रार उघडी आहे."

दहा मिनिटं लागणार होती, सहाच लागली. मी शेजारी उभा होतो ना.

मला किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू! फुगवून फुगवून तट्ट झालेला फुगा कुणीतरी सोडून द्यावा आणि तो घरभर सुर्रकन फिरावा, तसं. लिफ्टमध्ये मी आईच्या खुर्चीमागे उभा होतो. आरशात माझं डोकं दिसलं. कपाळाच्या कडेला बारीक, काळी, रागीट लव उगवलेली होती. इतके दिवस तेलाखाली ती दिसलीच नव्हती. बायकोनेही बघितली. तिने लगेच आरशाकडे पाठ केली. ते भांडण मी निवांत करायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

पाचव्या मजल्यावर एक नवीच अडचण. आमच्या दारापाशी एक पायरी आहे. रोज ओलांडतो म्हणून कधी दिसली नाही. खुर्ची काही तिच्यावर चढेना. आईला उभं राहून एक पाऊल टाकायलाच लागणार होतं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि जीभ आपली लागलेल्या वळणावर गेली. "आई, जमेल का गं तुला? नाही तर राहू दे हं. हरकत नाही."

आईचा चेहरा पांढरा पडला.

"परत सुरू झालं का तुझं?"

"काय सुरू झालं?"

"खाली ओरडलास तेव्हा वाटलं, देवा, सगळं ठीक असेल. आता परत गोड बोलतोयस." "खरं सांग मला. डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस राहिलेत?"

"कसले दिवस?"

"लपवू नकोस. मी जन्म दिलाय तुला. पडले तर एक शब्द बोलला नाहीस मला. खाटेशी येऊन बसायचास, डोक्याला तेल थापलेलं, आवाज नाही, तोंडात एकच, 'हरकत नाही'. आणि केस! आपल्या घरात एकट्या तुझे केस होते, ते सुद्धा गेले काळजीने. मी म्हटलं, डॉक्टरांनी याला बाहेर नेऊन सांगितलेलं दिसतंय. मग चार दिवसांसाठी कशाला उभी राहू मी? कुणासाठी शिकू चालायला?"

बायकोने तोंडावर हात घेतला. मी उकिडवाच राहिलो. त्या मुलीचं बोलणं आठवलं: आत्ता उभ्या राहिल्या नाहीत तर पलंग सुटणार नाही. आणि मी रोज जाऊन, चमच्या-चमच्याने मध पाजून, तिला पलंगात रुतवत होतो.

मग मी उठलो आणि ओरडलो. खाली ओरडलो तो नुसता सराव होता.

"आई! काही झालेलं नाही तुला! हाड बसलंय! डॉक्टरांनी बाहेर नेऊन फक्त बिलाचं सांगितलं! केस माझे तापाने गेलेत, काळजीने नाही! मी कशाला करू तुझी काळजी? तूच अजून दहा वर्षं माझी करणार आहेस! आणि हे काय चालवलंयस? आपल्याच मनाने आपलं मरण ठरवून टाकायचं? मला विचारायचं नाही? ऊठ आधी! ऊठ म्हणतो ना!"

"ओरडतोस काय असा? बहिरी आहे का मी?" आई म्हणाली. तिच्या गालावर रंग आला होता. तिने खुर्चीचे हात धरले. "धर गं मला," सुनेला म्हणाली. आणि उभी राहिली.

"पाऊल!" मी ओरडलो.

"टाकतेय ना! चार माणसं ऐकतायत, लाज नाही वाटत?"

तिने पाऊल उचललं. पायरीवर ठेवलं. दुसरं उचललं. मी ओरडतच होतो. काय ओरडत होतो ते मलाही ठाऊक नाही. वॉकरला, फरशीला, पडद्याला, दिसेल त्याला. थांबायची सोय नव्हती. थांबलो असतो तर माझा आवाज भलतीकडे गेला असता, आणि तो आईने ऐकला असता.

पलंगाशी पोहोचल्यावर ती टेकली. कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि माझ्याकडे वर बघितलं.

"पुरे आता," आई म्हणाली. "बस जरा इथे. दमलास."

मी बसलो.